शिळं पाणी

आमच्या वस्तीतला नळ काढून एसटी स्टँडवर न्यायचं नगरपालिकेनं ठरवलं, तेव्हा मी पंचविशी ओलांडलेली, बिनलग्नाची, मुलींच्या शाळेतली शिक्षिका होते आणि माझं डोकं फार लवकर तापत असे. अजूनही तापतं. आता वयामुळं लोक चालवून घेतात, तेव्हा घेत नसत.

गावाचं नाव सांगत नाही. नळदुर्गाकडून येताना लागतं की तामलवाडीकडून, तेही सांगत नाही. त्या वेळची निम्मी माणसं आता नाहीत, पण त्यांची नातवंडं आहेत, आणि आपल्या आजीला कुणी नावं ठेवलेली कुणाला आवडत नाहीत. गाव तालुक्याचं होतं एवढं पुरे. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, मराठवाडा मुंबई राज्यात आला होता. कचेऱ्यांतले उर्दू कागद गेले, मराठी कागद आले आणि कागदांच्या मागोमाग माणसंही आली. कारकून, मास्तर, कंपाउंडर, एसटीचे ड्रायव्हर, पोरांच्या शाळेसाठी खेड्यांतून उठून आलेली बिऱ्हाडं. जुन्या पेठेत एवढ्यांना जागा कुठली? सगळी ओढ्यापलीकडच्या माळावर राहू लागली. तिलाच नवी वस्ती म्हणत. तिथं दोन खोल्यांत मी आणि आई राहत होतो.

वडील मी लहान असताना गेले. नंतर आई भूमकडच्या आमच्या गावी, दिरांच्या घरात राहिली. चुलते वाईट नव्हते. पण जिचा नवरा नाही तिनं घरचं पाणी भरायचं, हे त्या घरात न बोलता ठरून गेलं होतं. विहीर गावाबाहेर उतारावर. जाताना रिकामी घागर आणि उतार, येताना भरली घागर आणि चढ. त्या चढानं आईचा उजवा गुडघा खाल्ला. मला नोकरीचा कागद आला त्या दिवशी मी चुलत्यांच्या ओसरीवर उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की आई आता माझ्याकडं राहील आणि इथून पुढं लांबून पाणी आणणार नाही. असली वाक्यं तरुणपणी झोकात बोलली जातात. निस्तरायची वेळ नंतर येते.

नळ आला तेव्हा गावानं नारळ फोडला. नदीकाठच्या विहिरीवर तेलाचं इंजिन, तिथून पाणी टेकाडावरच्या टाकीत, आणि टाकीतून लोखंडी नळ पेठेतल्या आळ्यांमधून उतरत उतरत ओढा ओलांडून आमच्याकडं. दोन-चार मोठ्या घरांत आणि शाळेत स्वतःची तोटी होती, बाकी सगळ्यांना आळीआळीला एकेक नळकोंडाळं. आमचं शेवटचं. सकाळी सहाला पाणी सुटायचं, तासभर चालायचं. पावसाळा गेला, थंडी गेली, तोवर आमच्याकडंही चांगली धार होती. आई दारातून वीसेक पावलं जाऊन घागर भरून आणायची आणि रोज म्हणायची, "ह्ये असंच ऱ्हाऊ दे."

होळी झाली आणि ते तसं राहिलं नाही. आधी धार करंगळीएवढी झाली, मग थेंब, मग तोटीला कान लावला तर आत नुसती फुसफुस. बायका पहाटेपासून घागरी रांगेत मांडायच्या. जिला थांबायला वेळ नाही ती आपल्या जागी दगड ठेवून जायची. पुढंपुढं रांगेत घागरींपेक्षा दगडच जास्त दिसायला लागले. सात वाजले की सगळ्या उठून माळ्याच्या विहिरीकडं निघायच्या. ती अर्ध्या कोसावर, आणि मोट चालू असेल तरच पाणी. मी शाळेत जायच्या आधी धावत दोन घागरी आणायची. एके दिवशी शाळेतून परत आले तर आई दारातल्या पायरीवर गुडघा दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि शेजारी भरलेली घागर होती.

मी तिच्यावर ओरडले. जिथं ओरडायला पाहिजे तिथं ओरडता येत नव्हतं म्हणून तिच्यावर ओरडले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक सांगू का? तुज्या एकटीला एक घागर पुरंल. म्या भूमला जाते."

भाजी काय करू, असं विचारावं त्या सुरात तिनं ते सांगितलं. त्यानंतर ती रोज तेच बोलायची. दिरांना पत्र लिही, म्हणायची. मी पत्र लिहिलं नाही. मी नगरपालिकेत गेले.

अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, आणि टेबलावरचा ओव्हरसियरांचा कागद वाचून दाखवला. शेवटच्या नळापर्यंत पाण्याचा दाब पोचत नाही, तरी तो नळ काढून एसटी स्टँडवर बसवावा, तिथं प्रवाशांची सोय होईल. नव्या वस्तीचं पुढं मोठं इंजिन आलं की बघू.

"आणि तोवर आम्ही काय करायचं?" मी विचारलं.

"तोवर काय, बाई, पूर्वी नळ नव्हते तेव्हा गाव तहानेनं मेलं होतं का?"

"पूर्वी वस्ती नव्हती, साहेब. माळावर प्लॉट तुम्ही पाडलेत. माणसांना बोलावलंत तर पाण्याचं बघायला नको?"

शेजारच्या कारकुनानं लिहायचं थांबवलं. अध्यक्ष हसले. पोराचा हट्ट पुरवावा तसं म्हणाले, "बरं. अक्षय्य तृतीयेपर्यंत नळाला हात लावणार नाही. तोवर पाणी आणून दाखवा, नळ तुमचा." त्यांनी ते थट्टेत म्हटलं. मी ते शब्द गाठीला बांधले. मध्ये तीन आठवडे होते.

तीन आठवड्यांत काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, पण दोषी कोण ते ठाऊक होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. पाणी सोडायचं काम एका म्हाताऱ्या चाचांकडं होतं. नळ यायच्या आधी ते रेड्यावर पखाल घालून पेठेत पाणी पुरवत. कातड्याची ती मोठी पिशवी दोन्ही बाजूंनी लोंबती, आणि चाचा पुढं. नळ आले आणि पखाल गेली. नगरपालिकेनं त्यांना ठेवून घेतलं आणि हातात व्हॉल्व्हची लांबलचक लोखंडी चावी दिली. ती खांद्यावर टाकून ते सकाळी गावातून जायचे. मी त्यांना भर रस्त्यात गाठलं.

"चाचा, पेठेची चावी तुम्ही पूर्ण खोलता आणि आमची अर्धी. खरं की नाही?"

त्यांनी चावी खाली टेकवली. "बाई, शक करायचा तर खुशाल करा. पन आधी एक दिवस माझ्यासंगं चला. टाकीपास्नं खालपतूर. मग जो बोल लावायचा तो लावा."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी टेकाडावर गेले. उन्हाळ्यामुळं शाळा सकाळची होती, पण साडेसातची, म्हणून वेळ होता. चाचांनी माझ्यासमोर चावी फिरवली, फिरेना तोवर फिरवली. मग आम्ही उतरायला लागलो. प्रत्येक आळीच्या तोंडाशी ते थांबायचे आणि पखालीच्या दिवसांतली हाळी द्यायचे, "पानी आलं, पानी."

हाळी ऐकली की दारं उघडायची. नळाला अजून थेंब आलेला नसायचा. आधी बाहेर यायचे ते हंडे. मग घागरी, कळश्या, तपेली, न्हाणीतलं घंगाळ. सगळी कालच्या पाण्यानं भरलेली, आणि सगळी एकामागून एक गटारीत उपडी व्हायची. बायका राख लावून भांडी घासायच्या, विसळायच्या आणि मग घेऊन नळावर निघायच्या. पहिल्या आळीत मी नळाकडं बघत होते. तिसऱ्या आळीपासून मी गटारीकडंच बघायला लागले. गटारीतलं पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यात चिमण्या आंघोळ करत होत्या. नळाच्या धारेपेक्षा गटारीची धार मोठी होती. आळ्या संपल्या, आम्ही ओढ्यावर आलो, तर गटारीचं पाणी आमच्या आधी तिथं पोचलेलं, ओढ्यातून खळखळ चाललेलं. आणि पलीकडं शेवटचा नळ कोरडा, आणि समोर दगडांची रांग.

"पखाल होती तवा ह्याच घरान्ला दिसाला दोन खेपा पुरायच्या," चाचा म्हणाले. "आता नळ हाय. उद्या आलं न आलं म्हनून समदं भरून ठिवत्यात. उद्या आलं की कालचं ओतत्यात."

"हे तुम्ही ओव्हरसियरांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. सायब म्हनले, मोठं इंजिन आनतो." त्यांनी चावी पुन्हा खांद्यावर टाकली. "आताच दुपारपतूर विहिरीचा तळ दिसतो, बाई. इंजिन मोठं केलं म्हनून विहीर मोठी व्हती का?"

मी त्यांची माफी मागितली. मला ते जड गेलं, पण मागितली.

रस्ताभर मला स्वतःचाच राग येत होता, कारण यात नवीन असं काहीच नव्हतं. शिळं पाणी प्यायचं नाही, देवाला घालायचं नाही, पाहुण्याला द्यायचं नाही. सकाळी उठून आधी भांडी रिकामी करायची, घासायची, मग ताजं भरायचं. हे मी जन्मापासून बघत आले होते. माझ्या घरी, शेजारी, सगळीकडं. रोज डोळ्यांसमोर होतं म्हणूनच मला ते कधी दिसलं नव्हतं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट वकिलीणबाईंच्या घरी गेले. आमच्या शाळेच्या आळीतलं ते सगळ्यांत मोठं घर, आणि त्या घरात जे होईल ते आळीत होई. अंगणात तांब्याच्या हंड्यांची ओळ लखलखत होती. मी उभ्या उभ्या त्यांना भाषण दिलं. विहीर, टाकी, नळ, गटार, शेवटची वस्ती, सगळं. वर्गात देते तसं. बोटसुद्धा वर केलं असेल.

त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे देवाला शिळं पाणी घालू? मामंजींना शिळं देऊ? तुमच्याकडं चालत असेल, मास्तरीणबाई. आमच्याकडं नाही चालत."

"आमच्याकडं शिळं व्हायलासुद्धा पाणी नाही," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

वाक्य चांगलं होतं. उपयोग शून्य. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, की मास्तरीण घरोघर शिळं पाणी प्या म्हणून सांगत फिरतेय. दुसऱ्या दिवशी गटार आणखी भरून वाहिली. मुद्दाम ओतलं असणार, असं मला आजही वाटतं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती सुपात डाळ निवडत होती. मी विचारलं, "चुलत्यांच्या घरी कालचं पाणी तू ओतायचीस का गं?"

"ओताया उरत व्हतं कुठं?" ती म्हणाली. "चढ चढून आनल्यालं पानी कोन ओतंल? सांजंला घागर पालथी पडायची. मग सकाळी ताजं." थोडा वेळ ती खडे वेचत राहिली. "तू त्यान्ला शिळं प्या म्हनू नको. न्हाय पिनार. म्या बी न्हाय पिनार. त्यान्ला म्हन, सांजंपतूर सरंल येवडंच भरा. आन उरलंच तर सकाळी आधी त्येनं आंगूळ करा, धुनं करा. रिकामं झाल्यालं भांडंच नळावर न्या."

एवढं साधं होतं. रीत चुकीची नव्हतीच. तिचा एक अर्धा भाग, संध्याकाळी भांडं रिकामं पडायचा, तेवढा गळून पडला होता, कारण तो कुणी शिकवलेला नव्हता. तो विहिरीच्या चढानं आणि पखालीच्या खेपांनी आपोआप पाळला जात होता. चढ गेला, खेपा गेल्या, आणि उरलेल्या अर्ध्यानं गाव पाणी ओतत बसलं. आता मी ज्या शहरात राहते तिथं लांबच्या धरणातून पाणी येतं आणि तरी दर उन्हाळ्यात ओरड असते. आणखी लांबचं धरण शोधा म्हणतात. माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये सकाळी नळ आला की मोरीत भांडी उपडी झाल्याचा आवाज येतो. मी आता काही बोलत नाही. खोटं कशाला सांगू, बोलते.

"तूच चल माझ्याबरोबर," मी आईला म्हटलं.

"चलते. पन तू त्वांड उघडायचं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून ऊन उतरलं की आम्ही निघायचो. आई काठी टेकत पुढं, मी मुकाट मागं. तिची पद्धत अशी, की कुणाच्याही ओट्यावर टेकायचं आणि आधी प्यायला पाणी मागायचं. दारी आलेल्या म्हातारीला पाणी कोण नाही म्हणेल? ती सावकाश सगळं पाणी प्यायची, तांब्यात थेंब ठेवायची नाही. मग म्हणायची, "तुमचं पानी लई ग्वाड हाय." मग गुडघ्याचं निघायचं, गुडघ्यावरून चढाचं, चढावरून भूमचं. बाई हळहळली, की आई सहज सांगायची, की आता नळ आहे तरी मला अर्धा कोस जावं लागतं. का जावं लागतं, असं समोरची विचारायचीच. तेव्हा कुठं ती गटारीचं काढायची. मी मधे दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा काठी माझ्या पायावर आली.

मशिदीजवळच्या आळीत चाचांची बायको आमच्याबरोबर आली. तिथं तर आईला फार बोलावंच लागलं नाही. त्या दोघींचे गुडघे एकाच बाजूचे दुखत होते, आणि अर्धी आळी औषधं सुचवायला गोळा झाली. एका आजीबाईंनी स्वतःहून सांगितलं, "आमची सासू भरलं भांडं दिवेलागणीला दिसलं तर रागं भरायची. आम्हीच विसरलो."

मला वाटलं, नुसतं सांगून भागणार नाही, काही खूण पाहिजे. मी आईला म्हटलं, संध्याकाळी प्रत्येकीनं रिकामी घागर दारात पालथी ठेवायची, म्हणजे कुणी जास्त भरलं ते सगळ्यांना दिसेल. आई माझ्याकडं बघतच राहिली.

"रिकामी घागर, दारात? कामाला निघाल्याला मानूस मागारी फिरंल. शाळंत ह्येच शिकिवती व्हय तू?"

खूण राहिली. पण गटार होतीच की, तिच्यापेक्षा चांगली खूण कुठली? मी रोज सकाळी चाचांबरोबर उतरायची आणि आळीआळीची गटार बघायची. चाचांनीही आपलं काम बदललं. ते आता मुकाट्यानं चावी फिरवायचे आणि नळाला धार लागल्यावरच हाळी द्यायचे. त्यामुळं आधी ओतत बसणाऱ्यांची धार हुकायची. दोन दिवस बायकांनी त्यांना शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवसापासून भांडी वेळेत रिकामी होऊ लागली.

गटारी एकेक करून सुकत गेल्या. गटारी सुकतील तसं पाणी खाली खाली सरकू लागलं. आठवड्यानं ते ओढ्याच्या अलीकडच्या नळाला पोचलं. आमच्या बायका ओढा ओलांडून तिथं रांगेला जाऊ लागल्या, आणि अर्थातच तिथल्यांशी भांडू लागल्या. पण ओढ्याच्या अलीकडं ते अडलं ते अडलं. अक्षय्य तृतीयेला चार दिवस राहिले, मग तीन. आईनं चुलत्यांना पत्र लिहायचं पुन्हा काढलं. "तू काय कमी केलं न्हाईस," म्हणाली. मला ते ऐकवेना.

आणि एक गटार अजून वाहत होती. शाळेच्या आळीची. मला काही नवल वाटलं नाही. वकिलीणबाई. दुसरं कोण असणार? आई त्यांच्याकडंही जाऊन पाणी पिऊन आली होती, तेव्हा त्या "बघू" म्हणाल्या होत्या. त्यांचं बघू मला ठाऊक होतं. तीन दिवस राहिले तेव्हा मी चाचांना म्हटलं, आज हाळी संपली की त्या गटारीनं वर जायचं. काय बोलायचं ते मी रस्त्यात तयार करत होते. धारदार केलं होतं.

गटार धरून आम्ही वर चढलो. खालची घरं कोरडी, पाणी वरून येत होतं. वकिलांचं दार आलं. वकिलीणबाई हातात खराटा घेऊन दारातच उभ्या होत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "इथं नाही, बाई. वर जा. अजून वर."

त्यांच्या मोरीचं तोंड गटारीत उघडत होतं, ते ठणठणीत कोरडं होतं. पाणी त्याच्याही वरून येत होतं. आणि वर एकच जागा होती.

शाळेच्या अंगणात पाणी भरणाऱ्या आमच्या मावशी दोन्ही रांजण आडवे करून धूत होत्या. शेजारी लोखंडी पिंप उपडं पडलेलं. तिन्हींतलं कालचं पाणी फाटकाखालून गटारीला लागलं होतं. सकाळच्या शाळेत पोरी पिऊन पिऊन किती पिणार? रोज पाऊण रांजण उरत असणार. आणि मावशींच्या मागच्या भिंतीवर, माझ्याच वळणदार अक्षरात आरोग्याचे नियम लिहिलेले होते. त्यातला तिसरा, कालचं पाणी पिऊ नये, रांजण रोज रिकामा करून भरावा.

मावशी घाबरून उभ्या राहिल्या. "बाई, तुमीच तर सांगितलं व्हतं."

मीच सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी मी स्टुलावर चढून तो नियम लिहिला होता, आणि मावशींनी एक दिवस चुकवला तेव्हा त्यांना बोललेही होते. पंधरा दिवस मी गावभर लोकांच्या मोऱ्या हुंगत फिरले आणि स्वतःच्या शाळेचं फाटक ओलांडून पाणी कुठं जातं हे बघितलं नाही. मला भयंकर लाज वाटली. चाचांनी त्या वेळी लिंबाच्या झाडाकडं बघत राहायचं ठरवलं. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

मी खाली वकिलीणबाईंकडं गेले. त्या तिथंच होत्या.

"ते पाणी माझं होतं," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. तुमच्या आई येऊन गेल्या तेव्हापासून आमच्या घरातून थेंब गेलेला नाही. मी रोज बघत होते, पाणी तरी वाहतंच."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही आमच्या घरात येऊन बोट वर करून बोललात," त्या म्हणाल्या. "म्हटलं, जरा लागू दे ठेच." मग त्या हसल्या, आणि मला आत बोलावून पाणी दिलं. मी सगळं प्याले. मला राग आला नाही, ही माझ्या बाबतीत सांगण्यासारखी गोष्ट आहे.

शाळेत त्या दिवशी पाढे झाले नाहीत. एक रांजण कायमचा पालथा घातला. उरलेल्या पाण्यानं आधी पाट्या, मग वर्ग, मग लिंबाचं आळं, आणि रिकामं झालं की भरायचं, असं पोरींना लावून दिलं. भिंतीवरचा तिसरा नियम मी स्वतः खरवडला. त्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून ती जागा तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी आमच्या नळाला फुसफुस आली आणि गेली. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या सकाळी ओव्हरसियर स्वतः आले. सायकलवर ते, मागून चालत दोन माणसं, त्यांच्या हातात मोठा पाना आणि पोतं. अध्यक्षांचा शब्द उद्यापर्यंतचा होता, पण उद्या सणाची सुट्टी, म्हणून आजच बघून घेतो म्हणाले. वस्तीतल्या सगळ्या बायका नळाभोवती जमल्या होत्या. सहा वाजून गेले. चाचांची हाळी लांबून एकेका आळीतून ऐकू येत होती. ओढ्याच्या पेठेकडच्या काठावरून ऐकू आली. मग बराच वेळ काहीच नाही. पानेवाल्यानं पोतं खाली अंथरलं.

तेव्हा तोटी खोकली. थोडं तांबडं पाणी बाहेर पडलं, पुन्हा हवा आली, आणि मग धार लागली. अंगठ्याएवढी, स्वच्छ, न तुटणारी. मग कुणीतरी आईला पुढं केलं आणि तिनं काठी माझ्या हातात देऊन घागर धारेखाली धरली.

ओव्हरसियरांनी घड्याळ बघितलं, धार बघितली, आणि मान डोलवली. ते काही दुष्ट नव्हते. हिशेबी होते. "आज आलं, मान्य आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनी मिळून एक दिवस जोर केलात. पण उद्याचं काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आईनं वर न बघता, घागरीच्या गळ्याशी चढत येणाऱ्या पाण्याकडं बघत सांगितलं,

"उद्या म्या हितंच हाय. येऊन बगा. परवा बी हितंच हाय."

पानेवाल्यानं पोतं गुंडाळलं. मला सगळ्यांसमोर रडू फुटलं, आणि बायकांना वाटलं, पाणी आलं म्हणून बाई रडताहेत.